शुगरवालं पीठ

सावनेरला माझी पिठाची चक्की आहे. तिच्या दाराशी सात वर्षं एक पाटी टांगलेली होती : 'शुगरवाल्यांसाठी खास पीठ. ज्वारी, नाचणी, चना, सोयाबीन, मेथी.' ती मीच रंगवली होती आणि 2025च्या दिवाळीनंतर मीच उतरवली. का उतरवली हे एकेका गिऱ्हाइकाला सांगून थकलो, म्हणून एकदाच लिहून काढतो.

माझं ठाम मत होतं की शुगर हा पोळी-भाताचा रोग. आपले आजे-पणजे ज्वारी खायचे, त्यांना कुठे होती शुगर? हे वाक्य मी डबा तोलता तोलता हजार वेळा म्हटलं असेल. आज्याची शुगर कधी कोणी तपासलीच नव्हती आणि तो दिवसभर वखरामागे चालायचा, एवढं मी सोयीने गाळायचो.

2021 मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मलाच शुगर निघाली. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए1सी) 8.9. वजन 58 किलो, पोट म्हणावं असं नाही. रिपोर्ट चुकला असेल म्हणून दुसरीकडे तपासून घेतलं, तिथेही तेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे, हे मला फार उशिरा कळलं. फोटोत ते स्वतः आणि एक इंग्रज डॉक्टर उभे आहेत. दोघांचा उंची-वजनाचा हिशेब (बीएमआय) सारखा, 22.3. पण इंग्रजाच्या अंगात चरबी 9 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात 21. आपण बाहेरून काटकुळे आणि आतून चरबीवाले. मी त्यातलाच.

मग मी माझंच औषध घेतलं. पोहे बंद, पोळी बंद, दुपारी दोन भाकरी, रात्री दोन. सहा महिन्यांनी सरासरी आली 8.6.

त्याच सुमारास कोळसा खाणीतून रिटायर झालेले एक काकाजी डबा घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, तुमचं पीठ खाऊन वर्ष झालं. गोळ्या दोनच्या तीन झाल्या." मी काय म्हणावं? "रात्री उशिरा जेवत असाल, काकाजी." आणि त्यांचं दळण हॉपरमध्ये ओतलं.

2024च्या हिवाळ्यात मुलीने ग्लुकोमीटर आणून दिला. एक दिवस दोन पोळ्या, दुसऱ्या दिवशी दोन भाकरी, पीठ दोन्ही वेळा तोलून सारखंच, भाजी तीच. जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचलं. पोळीवर 241, भाकरीवर 229. एवढा फरक तर एकाच बोटाच्या दोन थेंबांतही पडतो. चक्कीवाला असून माझ्या भाकरीत पीठ किती जातं हे मी तोवर तोललं नव्हतं. एका भाकरीला 90 ग्रॅम. ज्वारीच्या पिठात शंभराला सत्तरच्या आसपास कर्बोदकं. म्हणजे दोन भाकरींत सव्वाशे ग्रॅम, साखरेच्या हिशेबाने पंचवीस चमचे. पाच चमच्यांचा चहा कोणी दिला तर आपण कप परत करू.

त्यात माझ्या दगडांचाही हात आहेच. "बारीक दळा जी, नाही तं भाकर कडेनं चिरते," असं बाया सांगतात. मी पाट आवळतो, पीठ गरम आणि मऊ पडतं, चिमटीत धरलं तर पावडरीसारखं. पीठ जितकं बारीक तितकं ते पोटात लवकर विरघळतं आणि शुगर तितकी भरभर चढते. आजा कण्या शिजवून ताकासोबत खायचा. ज्वारी तीच, पण जाडीभरडी.

इथे माझी खरी कबुली. शंका आली त्या दिवशी पाटी काढायला हवी होती. ती मी वर्षभर तशीच ठेवली. खास पिठात किलोमागे चार रुपये जास्त सुटायचे.

2025 मध्ये मुलीने मोबाइलवर एक बातमी वाचून दाखवली. आयसीएमआर आणि चेन्नईच्या मधुमेह संशोधन संस्थेने देशभरातल्या हजारो लोकांच्या जेवणाचा अभ्यास केला होता आणि तो 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आला होता. आपल्या अन्नातली 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. आणि एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून नुसता मैदा-पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा ज्वारी-बाजरीचं पीठ आणलं, तर धोका कमी झालेला दिसत नाही. थोडी कर्बोदकं काढून तिथे डाळी, दूधदुभतं, अंडी, मासे आले, तर दिसतो. "पुन्हा वाच," मी म्हटलं. तिने पुन्हा वाचलं. पाटी त्याच आठवड्यात खाली आली.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. आमच्या शेजारच्या काटोलचे आमदार राहिलेले डॉ. श्रीकांत जिचकार दिवसातून दोनदाच जेवा म्हणून सांगायचे. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ते महाराष्ट्रभर नेलं. ऐकलेलं होतंच. मी दोनदा जेवण तर केलंच, वर भाकरीही साफ सोडली, आणि डॉक्टरांना न विचारता शुगरची गोळी तशीच चालू ठेवली. हा शहाणपणा माझ्या एकट्याचा. आठव्या दिवशी सकाळी अकराला हॉपरपाशी उभा असताना घाम फुटला, हात थरथरले, कोणाचा तरी गव्हाचा डबा हातून सुटला. फिरता पट्टा दीड हातावर होता. सुनेने मोटर बंद केली आणि बोट टोचलं : 54. तिने साखरेचं पाणी पाजलं तेव्हा कुठे नजर ठरली.

डॉक्टर चांगलेच रागावले. ग्लिमेपिराइडची गोळी इन्सुलिन ढकलतच राहते, तुम्ही जेवा की नका जेवू. खाणं कमी करायचं तर गोळी आधी बेतावी लागते. त्यांनी ती निम्मी केली. दुसरी गोष्ट त्यांनी माझ्या दंडाला हात लावून सांगितली. या वयात उपासमार केली तर चरबीबरोबर मांसही झडतं, आणि म्हातारा पडतो तो त्याने. खरं होतं. वीस किलोचं पोतं उचलताना मला भिंत धरावी लागत होती.

आता माझ्या ताटात अर्धी भाकर असते. बाकी ताट आधी भरतं : तुरीचं घट्ट वरण, वांग्याचं भरीत, उन्हाळ्यात चिवळीची भाजी, दही, दोन अंडी, रविवारी मटण. संत्री सोलून खातो, रस काढत नाही. पहिले दोन आठवडे पोट भरलं तरी मन भरत नव्हतं, हेही सांगून ठेवतो. तीन महिन्यांची सरासरी आता 7.1 आहे. डॉक्टर म्हणतात, या वयाला पुरे, आणखी खाली ओढू नका. पोतं पुन्हा एकट्याने उचलतो.

काकाजींच्या घरी जाऊन आलो. सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे माह्या उशिरा जेवण्याचा दोष नव्हता त."

"नव्हता जी."

"मंग आता काय दळू?"

"तेच दळा. पण आणाल ते निम्मं आणा."

त्यांनी खरंच निम्मं आणलं. पाटी गेल्यावर खास पिठाचं गिऱ्हाईकही निम्म्यावर आलं, ते धरूनच चाललो आहे. हे वाचून कोणी भाकरी कमी करणार असेल तर जरूर करा. पण गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. चक्कीवाल्याला विचारू नका.