कुगेलिस शिकताना

लिथुआनियाचं कुगेलिस माझ्या हातून बरेच महिने बिघडत राहिलं आणि तेवढे महिने मी दोष कृतीला देत होते. कृती भाचीने पाठवलेली. ती कौनासला डॉक्टरकीचं शिकते. तिच्या घरमालकीणबाईंनी तिला शेजारी उभं करून ती करून दाखवली आणि तिने सगळं नीट मराठीत लिहून काढलं. दोन किलो बटाटे, दोन मोठे कांदे, चार अंडी, कपभर उकळतं दूध, पाव किलोच्या आसपास डुकराच्या मांसाचे खारवलेले तुकडे, मीठ, मिरपूड. वाचून मला वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? बदलापुरात इतकी वर्षं संसार केला, बटाट्याचा कीस उपासाला कितीदा केला असेल! ती एक समजूत मला फार महागात पडली.

आधी पदार्थ सांगते. बटाटा अगदी बारीक किसायचा, त्यात कांदा, अंडी आणि दूध मिसळायचं, वरून परतलेलं मांस त्याच्या सुटलेल्या चरबीसकट ओतायचं आणि ट्रेमध्ये घालून वरचा थर तांबूस होईपर्यंत भाजायचं. काही घरांत थोडा रवाही पडतो. खाताना सोबत आंबट साय. तिकडचा हिवाळा लांब आणि कडक. राय आणि बार्लीवर जगणाऱ्या शेतकऱ्यांच्या ताटात एकोणिसाव्या शतकात बटाटा पक्का बसला आणि मग त्याचेच सणाचे पदार्थ झाले. विल्नियसच्या ज्यू घरांतही याच जातीचा कुगेल होतो, त्यात डुकराऐवजी बदकाची किंवा कोंबडीची चरबी. आमच्या घरात डुकराचं मांस चालत नाही, त्यामुळे हे कळल्यावर मला धीर आला. मांस वगळलं म्हणजे पदार्थच मोडला असं नाही. पण वगळलेल्या गोष्टीची जागा भरावी लागते, हे मी लक्षात घेतलं नाही.

पहिली चूक हाताच्या सवयीची. उपासाचा कीस मोकळा व्हावा म्हणून आपण तो दोन पाण्यांतून धुतो आणि घट्ट पिळतो. मी कुगेलिसचा कीसही तसाच धुतला. भाचीच्या कागदावर धुण्याचा शब्दही नव्हता. मला वाटलं, लिहायचं राहिलं असेल. खरं तर त्या पदार्थाला धरून ठेवतं ते बटाट्याचं पीठच, आणि मी ते दुधी पाण्याबरोबर मोरीत सोडलं होतं. भाजून निघालं ते सुट्टं, चिरलं की सांडणारं. आता मी कीस चाळणीत निथळत ठेवते, खालच्या पातेल्यातलं पाणी थोडा वेळ स्थिर राहू देते आणि मग हलकेच ओतून देते. तळाशी पांढरा, घट्ट थर बसतो. बोटाने खरवडावा लागतो इतका घट्ट. तो परत किसात जातो.

दुसरी चूक किसणीची. आपल्या किसणीच्या मोठ्या भोकांतून लांब धागे पडतात. इथे हवी ती बारीक, टोकदार दातांची बाजू, आलं किसतो ती. हात दुखतो म्हणून मी मिक्सर लावला. पातं फिरेना म्हणून पाणी घातलं आणि मिश्रणाचं पिठलं झालं. तेही मी कृतीच्याच माथी मारलं.

तिसरी गोष्ट रंगाची. किसलेला बटाटा हवा लागली की आधी गुलाबी, मग करडा, मग काळपट होतो, कारण चिरल्यावर त्यातलं एक विकर हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने काम सुरू करतं. उकळतं दूध कृतीत आहे ते बरंचसं यासाठीच. ते कढत ओतलं की त्या विकराचा जोर मोडतो. मी दूध फ्रिजमधून काढून थंडच घातलं होतं, दूध ते दूध म्हणून. बटाट्याबरोबर आलटूनपालटून कांदा किसला तरी काळेपणा उशिरा येतो. हेही त्या बाईंनी भाचीला सांगितलं होतं आणि तिने लिहिलंही होतं. मी मात्र कांदा शेवटी घालत होते.

चौथी चूक बाजारातली आणि ती मला उल्हासनगरच्या एका सिंधी मैत्रिणीने दाखवली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी 1949 पासून उल्हासनगर म्हणून ओळखलं जाणारं हे शहर उभं केलं. त्यांच्या घरी टुक होतो. बटाटा आधी अर्धवट तळायचा, तळहाताने चेपायचा, पुन्हा कुरकुरीत तळायचा, वर आमचूर आणि तिखट. ज्या घरात टुक होतो तिथे बटाटा डोळे झाकून घेत नाहीत. माझं कुगेलिस वरून काळं आणि चवीला गोडसर येतं, हे मी तिला सांगितलं. तिने माझ्या पिशवीतला एक बटाटा हातात घेतला आणि विचारलं, "भाभी, ये कोल्ड का माल है ना?" तेव्हा मला कळलं. शीतगृहाच्या कडक थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होऊ लागते आणि ती साखर भाजताना लवकर करपते. आता मी भाजीवाल्या दादांना विचारूनच नवा, पिठूळ बटाटा घेते. शीतगृहातलाच मिळाला, तर आठवडाभर घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवून मग वापरते. साखर बरीच उतरते.

चरबीची चूक मी सर्वांत जास्त काळ केली. मांस काढलं, त्याच्या जागी दोन चमचे तेल घातलं आणि आपण हलकं, तब्येतीला बरं असं काहीतरी केलं अशी समजूत करून घेतली. पदार्थ कोरडा, फिका आणि घशाशी अडकणारा झाला. ती चरबी तिथे चवीसाठी आहे, खारटपणासाठी आहे आणि कडा कुरकुरीत व्हाव्यात म्हणूनही आहे. आता मी दीडशे ग्रॅम लोण्यात दोन कांदे मंद आंचेवर बदामी होईस्तोवर परतते आणि सगळंच्या सगळं किसात ओतते. मीठही वाढवते. आंबट सायीऐवजी टांगलेल्या दह्याच्या चक्क्यात घरची साय फेटते. ती चव भाचीने सांगितलेल्या चवीच्या बरीच जवळ जाते.

आणि मग एकतीस डिसेंबर. इमारतीतली मंडळी जेवायला येणार होती. मी केकच्या गोल, खोल भांड्यात मिश्रण काठोकाठ भरलं. वरचा थर सुरेख तांबूस झाला, तसं मी भांडं ओव्हनमधून काढलं आणि कढतच सुरी घातली. सुरी वर आली ती करड्या, ओल्या लगद्याने माखलेली. आतून कच्च्या बटाट्याचा वास आला. लोकांनी कडेचे तुकडे खाल्ले आणि काही बोलले नाहीत. त्या रात्री मी भाचीला फोनवर म्हटलं, "तुझी कृतीच चुकली आहे गं." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मावशी, एकदा तरी लिहिलंय तसं केलंस का?"

नव्हतं केलं. तोपर्यंत मी भांडं बदललं होतं, दूध बदललं होतं, चरबी बदलली होती, कीस धुतला होता. ज्या बाईंनी आयुष्यभर हा पदार्थ केला, त्यांच्या सांगण्यातला एकेक शब्द मी ओळखीचा समजून ओलांडला होता. दुसऱ्या दिवशी मी भाचीची माफी मागितली. त्या बाईंनाही तिच्याकरवी सगळं कळवलं, कारण त्यांच्याविषयी मी मनात जे धरलं होतं ते खोटं होतं.

त्यानंतर जे केलं ते कागद समोर ठेवून. तीस बाय वीस सेंटिमीटरचा ट्रे, मिश्रणाचा थर चार सेंटिमीटर, आधी 200 अंशांवर अर्धा तास, मग 180 वर पाऊण ते एक तास. छोट्या ओव्हनची वरची कॉइल जवळ असते, म्हणून रंग आला की वर फॉइल. मधोमध सुरी घालून ती कोरडी निघाली तरच बाहेर. आणि बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही, तेवढ्यात ते आळून येतं. बदलापुरात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून तेव्हा मी हे सकाळीच करून टाकते. उरलेल्या वड्या दुसऱ्या दिवशी तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस करायच्या. लिथुआनियातही तसंच करतात आणि आमच्या घरात तर आता त्या शिळ्या वड्यांसाठीच मुलं कुगेलिस मागतात.

परक्या घरचा पदार्थ करायचा असेल, तर माझं एवढं ऐका. पहिल्या वेळी त्यांच्या पद्धतीने करा, शब्दन् शब्द. मांस काढायचं असेल तर काढा, पण ते तिथे कोणतं काम करत होतं हे आधी विचारा. जो जिन्नस रोज आपल्या हाताखालून जातो, त्याच्याबद्दल तर हमखास विचारा, कारण मी चुकले ती बटाट्यातच.