लढाई कोणत्या नियमांनीं खेळावी ?

जुन्या घरांतून बुद्धिबळाचा पट मांडला जाई, तेव्हां पहिला वाद डावाविषयीं नसे, नियमांविषयीं असे. प्यादें प्रथम एक घर चालावयाचें कीं दोन, राजाला डावांत एकदां घोड्याची चाल द्यावयाची कीं नाहीं, आणि शेवटास पोहोंचलेल्या प्याद्याचा वजीर करावयाचा कीं ज्या मोहऱ्याच्या पट्टींत तें पोहोंचलें तोच मोहरा करावयाचा, हे प्रश्न 'देशी' कीं 'विलायती' याचा निकाल लागल्यावांचून सुटत नसत. आजोबा देशी पक्षाचे आणि कॉलेजांतून सुट्टीवर आलेला नातू विलायती पक्षाचा असला, म्हणजे पहिली चाल होण्यापूर्वींच चहाचे दोन पेले होत. मोहरे तेच आणि घरेंहि चौसष्टच. परंतु नियम बदलला कीं खेळ बदलतो, आणि नियम ठरविणें म्हणजे आपणांस काय पाहावयाचें आहे तें ठरविणें, ही गोष्ट त्या वादांत लहान मुलांच्याहि ध्यानांत येत असे.

हें सारें आम्हांस अलीकडे इंग्लंडांत नव्यानें आठवलें. सेवानिवृत्तीनंतर आम्ही चिरंजीवांकडे तिकडे असतों. तेथील एका मध्यम वस्तीच्या गांवीं, नेपोलियनच्या काळांतील लढाया चिमुकल्या शिपायांनीं मेजावर खेळणाऱ्या हौशी लोकांचें एक मंडळ आहे व त्यांत आमचा शिरकाव झाला आहे. बोटाच्या पेराएवढे धातूचे शिपाई, त्यांच्या अंगावर पलटणीपलटणीचे खरे रंग, पुठ्ठ्याचीं घरें, कापडाच्या टेकड्या आणि मध्यें फांसे ! पांढऱ्या केसांचीं माणसें या पसाऱ्याभोंवतीं दिवसभर उभीं राहतात, हें वाचून कित्येकांस हंसूं येईल. तें आम्हांसहि प्रथम आलेंच होतें.

परंतु या खेळाची वंशावळ पाहूं गेल्यास ती थेट आपल्या ओळखीच्या पटापाशीं जाऊन पोहोंचते. १७८० सालीं जर्मनींतील ब्राउन्श्वाइग येथें हेल्विग नांवाच्या शिक्षकानें बुद्धिबळाचा पट कित्येक पटींनीं वाढविला, त्यांतील घरांना डोंगर, पाणी, दलदल यांचे निरनिराळे रंग दिले आणि त्यावर पायदळ, घोडदळ व तोफखाना चालविला. १८१२ सालीं प्रशियाच्या राजापुढें थोरल्या फॉन रायस्विट्झनें असाच पण सुधारलेला खेळ मांडला. त्याचा मुलगा तोफखान्यांत लेफ्टनंट होता. त्यानें १८२४ सालीं घरें काढून टाकून खऱ्या नकाशावर हा खेळ आणला, गोळागोळीचा परिणाम फांशांवर सोंपविला आणि दोन्ही पक्षांच्या मध्यें एक पंच बसविला. जनरल म्यूफ्लिंगनें हा खेळ पाहून त्याची सैन्याकडे शिफारस केली. हाच म्यूफ्लिंग १८१५ च्या वॉटर्लूच्या रणांगणावर प्रशियाचा प्रतिनिधि म्हणून वेलिंग्टनजवळ होता. म्हणजे शिफारस करणारा मनुष्य नुसता खेळ पाहणारा नव्हता. पुढें नियमांचीं कोष्टकें इतकीं वाढलीं कीं, १८७६ सालीं फॉन व्हर्डी या अधिकाऱ्यानें बहुतेक कोष्टकें बाजूस सारून अनुभवी पंचाच्या शब्दावर भिस्त ठेवावी असें प्रतिपादन केलें. नियम थोडे व पंच शहाणा, कीं नियम पुष्कळ व पंच नाहींच, हा वाद तेव्हांपासून आजतागायत चालू आहे. सामान्य जनांच्या घरांत हा खेळ आणण्याचें मोठें श्रेय एच. जी. वेल्स या ग्रंथकाराकडे जातें. त्याचें 'लिटल वॉर्स' हें पुस्तक १९१३ सालीं निघालें आणि दुसऱ्याच वर्षीं खरें महायुद्ध पेटलें.

आतां आमच्या मंडळाची अडचण सांगतों. मंडळांत आम्ही आठ जण. त्यांतील सर्वांत वडील सभासद चौऱ्यायशीं वर्षांचे आहेत. गेल्या चाळीस वर्षांत त्यांनीं स्वतःच्या हातानें पांच हजारांवर शिपाई रंगविले; कोणत्या पलटणीची कॉलर पिवळी व कोणत्या पलटणीची तांबडी, हें त्यांस पुस्तक न उघडतां सांगतां येतें. अलीकडे त्यांची दृष्टि मंदावली आहे आणि हात कांपतो. त्यांची एकच इच्छा होती : संपूर्ण वॉटर्लू खेळावें आणि त्यांत आपण ब्ल्यूखर व्हावें. ब्ल्यूखर हा प्रशियाचा वृद्ध सेनापति. त्या समयीं त्याचें वय बहात्तर वर्षांचें होतें. १६ जूनला लिन्यीच्या लढाईंत तो घोड्याखालीं सांपडून जायबंदी झाला होता. तरी १८ तारखेला तो चिखल तुडवीत वेलिंग्टनच्या साह्यास आला.

परंतु लढाई सुरू झाली सकाळीं साडेअकराच्या सुमारास, आणि प्रशियन लोकांचा हल्ला सुरू झाला दुपारीं साडेचारला. आमच्या मंडळानें पूर्वीं तीन वेळां वॉटर्लू मांडलें, पण तिन्ही वेळां मेजावरील घड्याळ दोनच्या पुढें सरकलें नाहीं. तिन्ही वेळां आमचे वृद्ध मित्र सायंकाळपर्यंत खुर्चींत बसून राहिले आणि त्यांचें सैन्य पेट्यांतून बाहेर न निघतां घरीं परत गेलें. तक्रारीचा एक शब्द त्यांनीं काढला नाहीं. फक्त तिसऱ्या वेळीं पेट्या मोटारींत ठेवतांना, पुढच्या वेळीं आपण फ्रेंचांकडून खेळावें हें बरें, एवढेंच ते म्हणाले.

याचें कारण शोधावयास गणित पुरे होतें. आमचे जुने नियम पलटणीचे होते. म्हणजे प्रत्येक बटालियन निराळी चालवावयाची, ती रांगेंत आहे कीं स्तंभांत आहे तें सांगावयाचें, आणि प्रत्येक गोळीबाराचा हिशेब मांडावयाचा. अशा नियमांतील एक फेरी म्हणजे लढाईचीं पंधरा मिनिटें. साडेअकरापासून रात्रीं साडेआठपर्यंत नऊ तास, म्हणजे छत्तीस फेऱ्या. आठ माणसांची एक फेरी पाऊण तासाच्या आंत उरकत नाहीं. म्हणजे झाले सत्तावीस तास. माणसांचें गणितहि असेंच. नेपोलियनचे सुमारें बहात्तर हजार, वेलिंग्टनचे अडुसष्ट हजार आणि येऊन पोहोंचलेले प्रशियन पन्नास हजारांच्या आसपास. पंचवीस खऱ्या माणसांस एक शिपाई धरला तरी साडेसात हजारांवर शिपाई लागतात. रणांगणाची आघाडी सुमारें चार किलोमीटर. शंभर यार्डांस पांच इंच धरल्यास अठरा फुटांहून लांब मेज हवें, आणि शंभर यार्डांस एकच इंच धरल्यास चार फुटांचें मेज पुरतें. लढाई मोठी असेल तर शिपाई वाढवून भागत नाहीं. पाहणारानें दूर जाऊन उभें राहावें लागतें.

म्हणून आम्ही निरनिराळ्या नियमावल्या पाहावयास घेतल्या. २००९ सालची 'ब्लॅक पावडर' ही नियमावली मोठी गमतीची आहे. तींत आपला हुकूम आधीं मोठ्यानें बोलून दाखवावयाचा आणि मग दोन फांसे टाकावयाचे. दान सरदाराच्या लायकीच्या आंत पडलें तर पलटण एक, दोन किंवा तीन चाली चालते, नाहीं तर जागची हालत नाहीं. हुकूम देणें आणि तो पाळला जाणें यांतील अंतर जो मनुष्य मोठ्या कुटुंबांत वाढला आहे, त्यास तें समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु तेथेंहि सोंगटी म्हणजे बहुधा एक पलटण. तेव्हां संपूर्ण वॉटर्लूला मोठें दिवाणखानें आणि पुष्कळ माणसें हवींत. २०१५ सालच्या 'ब्ल्यूखर' या नियमावलींत एक सोंगटी म्हणजे एक ब्रिगेड. तींतील युक्ति अशी कीं, आपल्याला या फेरींत किती हालचाली करतां येतील त्याचे फांसे प्रतिपक्षी टाकतो व झांकून ठेवतो. आपण पुढें पुढें करीत राहावें, आणि मध्येंच तो म्हणतो, तुमची वेळ संपली. सर्वांत महत्त्वाचें काम आधीं करावें हा धडा तेथें फुकट मिळतो. तिसरी, १९९४ सालची 'व्हॉली अँड बेयोनेट' : एक इंच म्हणजे शंभर यार्ड, एक फेरी म्हणजे एक तास, आणि तीन इंचांचा एक चौरस म्हणजे एक ब्रिगेड. नऊ तासांच्या नऊ फेऱ्या ! मंडळाचा कल तिकडे झुकला.

विरोध आला तो आमच्या वृद्ध मित्रांकडूनच. ज्यांच्या सोयीसाठीं हा सारा खटाटोप, त्यांनाच तो रुचेना. त्यांचा प्रश्न असा : यांत माझ्या पलटणी कोठें आहेत ? दुपारीं मार्शल ने यानें घोडदळाच्या लाटांवर लाटा सोडल्या आणि इंग्रज पायदळानें चौरस व्यूह रचून त्या परतविल्या. त्या व्यूहांसाठीं तर हीं वर्षें मीं रंगकाम केलें. आणि तुमच्या नियमांत खेळाडूनें व्यूह रचावयाचाच नाहीं! आमच्यांतील एक जण म्हणाला कीं, व्यूह रचणें हें पलटणीच्या अधिकाऱ्याचें काम; सेनापतीच्या खुर्चींत बसणारानें कप्तानाचें काम करूं नये. त्यावर वृद्धांनीं ताबडतोब उत्तर दिलें कीं, वेलिंग्टन त्या दिवशीं अगदीं पलटणीजवळ जाऊन हुकूम देत होता. हें खरें होतें. नेपोलियननें बरेंचसें काम ने याच्यावर सोंपविलें आणि वेलिंग्टननें बारीकसारीक गोष्टींतहि स्वतः लक्ष घातलें. एकाच रणांगणावर दोन तऱ्हांचे कर्ते पुरुष होते. असईला १८०३ सालीं शिंदे-भोसल्यांच्या फौजांशीं लढलेला हाच तो वेलस्ली, हें आपल्या वाचकांस सांगणें नको. तेथेंहि तो स्वतः आघाडीवरच होता.

शेवटीं जो तोड निघाला तो असा. नियम ब्रिगेडचे घ्यावे, परंतु ब्रिगेडचा तीन इंची पुठ्ठा कोरा ठेवूं नये. त्यावर वृद्धांच्या पलटणी जशाच्या तशा उभ्या कराव्या, आणि घोडदळ अंगावर आलें कीं त्या चौरसांत मांडाव्या. फांशाला त्यानें फरक पडत नाहीं, पण डोळ्यांना पडतो. दुसरें, कोष्टकें व नुकसानीचे आंकडे खेळाडूंपुढें ठेवूं नयेत. ते एका पंचाच्या वहींत असावे. खेळाडूस 'ब्रिगेड डगमगली आहे' एवढेंच कळावें. यामुळें बारीक टाइप वाचण्याचा प्रश्नच मिटला, आणि खऱ्या सेनापतीसहि याहून अधिक कोठें कळत होतें ? पंचाचें काम आमच्याकडे आलें. तिसरें, एकदम वॉटर्लू न मांडतां एका संध्याकाळीं १६ जूनची कात्र ब्राची लहान लढाई खेळून पाहावी. त्या संध्याकाळीं आमची एक कसोटी होती : जें प्रत्यक्ष घडलें तें या नियमांनीं घडूं शकतें का, आणि जें घडणें अशक्य होतें तें सहज घडत तर नाहीं ना ? तसेंच घडलें पाहिजे असा आग्रह मात्र नसावा; नाहीं तर खेळण्याऐवजीं इतिहासाचें पुस्तकच वाचावें.

पुढें एका शनिवारीं सकाळीं नऊला वॉटर्लूस आरंभ झाला. वृद्धांजवळ आमचा अकरा वर्षांचा नातू हुजऱ्या म्हणून दिला होता. तो त्यांस 'आजोबा' म्हणतो व त्या शब्दाचा अर्थ त्यांस ठाऊक आहे. जेवण उरकून आम्ही परतलों आणि थोड्याच वेळांत मेजावरील घड्याळानें साडेचार दाखविले. आम्हीं वहींतून डोकें वर करून, प्रशियन सैन्य आलें आहे, असें जाहीर केलें. नातवानें पेटी उघडली. वृद्ध खुर्चींतून उठले, आणि फांसा मात्र त्यांनीं मुलाच्या हातांत दिला. प्लान्सन्वा हें गांव त्यांनीं घेतलें, गमावलें, पुन्हां घेतलें व पुन्हां गमावलें. संध्याकाळीं साडेसहाला खेळ संपला, तेव्हां वेलिंग्टनची मधली फळी कशीबशी उभी होती आणि गांव फ्रेंचांच्या हातांत होतें. वृद्धांस विजय मिळाला नाहीं. लढाई मात्र मिळाली.

प्रशियन लोकांस वॉटर्लूंत किती जागा द्यावी, हा वाद नवा नाहीं. विल्यम सिबॉर्न या इंग्रज अधिकाऱ्यानें कित्येक वर्षें खपून, हजारों लहान शिपाई मांडून या रणांगणाची प्रचंड प्रतिकृति केली; ती १८३८ सालीं लंडनमध्यें लोकांस दाखविण्यांत आली व आतां तेथील नॅशनल आर्मी म्युझियममध्यें आहे. सायंकाळीं सातच्या सुमाराचा क्षण त्यानें निवडला आणि त्या क्षणीं प्रशियन किती व कोठें होते यावरून वेलिंग्टनच्या पक्षाची त्याच्यावर इतराजी झाली. तेव्हां कोणते घड्याळ लावावें व कोणाला मेजावर येऊं द्यावें, हा निर्णय हौशी खेळांतहि वाटतो तितका क्षुल्लक नसतो. आमच्या जुन्या नियमांत प्रशियनांविरुद्ध एकहि कलम नव्हतें. ते फक्त इतके सावकाश होते कीं, प्रशियन कधीं आलेच नाहींत.

खऱ्या वॉटर्लूवर एका दिवसांत चाळीस हजारांहून अधिक माणसें मेलीं किंवा घायाळ झालीं, याचा विसर पडूं नये. आमचे वृद्ध मित्र पटावरून काढलेला शिपाई कधीं आडवा टाकीत नाहींत. पेटींत त्याच्या जागीं उभा करून ठेवतात. याला कोणत्याहि नियमावलींत कलम नाहीं. परंतु नातूहि आतां तसेंच करतो.

येत्या वर्षीं लाइप्झिग खेळावें अशी त्यांची सूचना आली आहे. १८१३ सालची ती लढाई, चार दिवसांची आणि सुमारें पांच लाख माणसांची ! एक इंचास शंभर यार्ड पुरतील कीं नाहीं, एक फेरी एक तासाची ठेवावी कीं दोन तासांची, याचा विचार मंडळांत चालू झाला आहे. पहिल्या बैठकींत एवढेंच ठरलें कीं, ज्यास खेळावयाचें आहे त्याच्यापर्यंत खेळ वेळेवर पोहोंचला पाहिजे. बाकीचीं कलमें त्यानंतर.