महिन्याचं बिल

2024 च्या जूनमध्ये मी सांगलीहून मुलाकडे चेन्नईला, वेलाचेरीत राहायला आले. स्मार्टफोन हातात येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. फोन देताना मुलाने पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "आई, कुणी पाठवलेली लिंक दाबायची नाही. अॅप हवं असेल तर स्टोअरमधूनच घ्यायचं. तिथे तपासूनच ठेवतात."

तो कामासाठी बंगळूरला गेला, त्याच संध्याकाळी मेसेज आला. मागच्या महिन्याचं वीजबिल भरलेलं नाही, रात्री साडेनऊला वीज तोडू, या नंबरवर बोला. पंखा थांबला की घामाच्या धारा लागाव्यात असा उकाडा होता. मला तमिळ येत नाही. वीज मंडळाला इथे सगळे 'ईबी' म्हणतात एवढंच माहीत, ऑफिस कुठे ते ठाऊक नाही. मी नंबर फिरवला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलला आणि मला धीर आला. समजेल अशा भाषेत बोलणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं.

त्याने लिंक पाठवली असती तर मी थांबले असते. पण तो म्हणाला, स्टोअर उघडा. अॅपच्या नावातलं एकेक अक्षर त्याने सांगितलं. अॅपखाली चांदण्या होत्या, लाखो लोकांनी ते घेतल्याचा आकडा होता. मी निर्धास्त झाले. स्क्रीनवर आलेला नंबर त्याला वाचून दाखवला, परवानगीचं बटण दाबलं. मग नोंद दुरुस्त करायला म्हणून कार्डावरून 10 रुपये भरले. काही मिनिटांत तीन मेसेज आले आणि खात्यातले 48,000 रुपये गेले.

ते अॅप खोटं नव्हतं, हे मला नंतर कळलं. दूर बसलेल्या कारागिराला आपला कॉम्प्युटर किंवा मोबाइल दिसावा, दुरुस्त करता यावा, यासाठीच ते बनवलं आहे. स्टोअरने तपासलं तेव्हा त्यात वावगं काही सापडण्यासारखं नव्हतंच. माझा कार्डनंबर आणि ओटीपी त्या माणसाने माझ्याच स्क्रीनवर वाचला. अशाच एका अॅपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं.

मुलाने फोनवरूनच 1930 लावायला सांगितलं. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारी ही देशभराची हेल्पलाइन. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत तक्रार पोचली तर ते अडवता येतात. माझे 19,000 अडले, बाकीचे गेले.

सकाळी शेजारच्या आजी आल्या. त्या तंजावरच्या मराठी. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात मराठीच बोलतात. त्यांनी मला जिन्याखाली मीटरपाशी नेलं. तिथल्या पांढऱ्या ईबी कार्डावर रीडिंगच्या तारखा हाताने लिहिल्या होत्या. दोन तारखांमध्ये दोन-दोन महिन्यांचं अंतर. इथे बिल दोन महिन्यांनी येतं, मग 'मागच्या महिन्याचं बिल' आलं कुठून, असं त्यांनी विचारलं. शिवाय ईबीचा माणूस पहिल्यांदा तमिळच बोलणार, हिंदी कशाला बोलेल? सांगलीत दर महिन्याला बिल भरणाऱ्या मला हे सुचणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर मी या विषयाबद्दल मिळेल ते वाचलं. झटपट कर्ज देणाऱ्या अॅप्सच्या छळाने तमिळनाडूत माणसांनी जीव दिले. जानेवारी 2021 मध्ये चेन्नई पोलिसांनी अशी एक टोळी पकडली, तिच्यात दोन चिनी नागरिक होते. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला त्या वर्षीच्या पहिल्या दोन महिन्यांत 81 स्टोअरवर मिळून कर्जाची सुमारे 1,100 अॅप्स आढळली, त्यातली 600 बेकायदा. एप्रिल 2021 ते जुलै 2022 या काळात गूगलने प्ले स्टोअरवरून कर्जाची 2,500 हून जास्त अॅप्स काढली. म्हणजे तोवर ती तपासणी ओलांडून आतच होती. याच गूगलने शुल्काच्या वादावरून चेन्नईच्याच मॅट्रिमोनी डॉट कॉमची अॅप्स 1 मार्च 2024 ला काढली, आणि सरकारने लक्ष घातल्यावर ती काही दिवसांत परत आली. स्वतःच्या शुल्कासाठी जी तत्परता दाखवता येते, ती आमच्या पैशांसाठीही दिसायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

तरी स्टोअरचा पहारा काढून टाका, असं मी म्हणणार नाही. 31 मे 2023 पासून कर्जाच्या अॅपना फोनमधले फोटो आणि कॉन्टॅक्ट पाहायला प्ले स्टोअरने बंदी केली. नातेवाइकांना फोन करून कर्जदाराची अब्रू घेण्याचा मार्ग त्यामुळे बराच अरुंद झाला. नेमकी परवानगी अडवणारा असा नियम माणसाला वाचवतो. 'तपासूनच ठेवतात' या भरवशाने मात्र मला वाचवलं नाही. उलट त्या भरवशावरच मी बटण दाबलं. स्टोअर अॅप तपासतं. ते अॅप घ्यायला कोण सांगतंय आणि कशासाठी, हे त्याला दिसत नाही.

मुलगा आता म्हणतो, "आई, कुणीही फोनवरून अॅप घ्यायला सांगितलं की फोन ठेवायचा, मग ते कुठलंही असो." परवा पुन्हा तसाच मेसेज आला. मी जिना उतरून मीटरपाशी गेले, कार्डावरची शेवटची तारीख वाचली आणि मेसेज पुसून टाकला.