कुंभ्याचं नाव

कर्नाळ्याला माणसं येतात ती माना वर करून चालायला. पक्षी अभयारण्यच ते. गळ्यात दुर्बीण, नजर पाखरावर. पाखरू उडालं की ते कुठल्या झाडावर बसलं होतं हे कोणी विचारत नाही. मीही त्यातलीच. एका जानेवारीत मात्र पाखरं सोडून झाडांच्या मागे लागले आणि पहिल्याच सकाळी तोंडावर आपटले.

वाटेच्या कडेला एक झाड होतं. पंजाहून लांब पानं, फांद्यांच्या टोकांना झुपक्यांनी आलेली, निम्मी तांबडी पडलेली. पिशवीतलं पुस्तक न उघडताच मी ऐटीत म्हटलं, "मोह." सोबतचे मामा नुसते हसले. जवळच्याच वाडीतले ते कातकरी, साठी ओलांडलेले. अभयारण्यात पान तोडायचं नाही हे त्यांनीच आधी बजावलेलं, म्हणून वानरांनी नुकतीच मोडून टाकलेली एक डहाळी त्यांनी उचलली, पुन्हा मोडली आणि माझ्यापुढे धरली.

"दूध कुठाय याला?"

मोहाला चीक असतो. ही डहाळी कोरडी. मग त्यांनी पानाच्या कडेवरून माझं बोट फिरवलं. बारीक दाते लागले. मोहाची कड सरळ. "कुंभा हा," म्हणाले आणि पुढे निघाले.

त्या दिवशी डोळ्यांपेक्षा हातालाच जास्त काम पडलं. ऐनाचं खोड डोळे मिटूनही कळतं, मगरीच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं. मुरुडशेंग तर पिळलेल्या दोरीसारखी. पोटात मुरडा आला की ती उगाळून देतात. मामांच्या बोलण्यात झाड एकटं येतच नाही, त्याच्याबरोबर काम येतं. खैर म्हटला की कात आला. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणारे म्हणून तर ते कातकरी. गिरिपुष्पाला ते उंदीरमारी म्हणतात, तेही तोंड वाकडं करून. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड आपण डोंगरोडोंगरी लावत सुटलो. आपली झाडं ओळखायची तर आधी पाहुणे ओळखावे लागतात, आणि आपल्याकडे पाहुणेच फार. शहरातला माझा सगळा उन्हाळा ज्याच्या लालीवर पोसला तो गुलमोहर मूळचा मादागास्करचा, हे कळलं तेव्हा मी चाळिशीला आले होते.

घरी येऊन कुंभ्याचं शास्त्रीय नाव शोधलं: करेया आर्बोरिया. करेया म्हणजे विल्यम कॅरी! हुगळीकाठच्या श्रीरामपुरात बसून ज्यानं 1805 साली मराठीचं व्याकरण आणि 1810 साली मराठीचा कोश छापला, तोच हा मिशनरी. झाडांचं त्याला वेड. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख रॉक्सबर्ग हा त्याचा स्नेही. त्यानं या झाडाच्या प्रजातीला कॅरीचं नाव दिलं. पुढे रॉक्सबर्ग गेल्यावर त्याचा 'फ्लोरा इंडिका' कॅरीनंच छापायला घेतला. आपल्या भाषेतले शब्द गोळा करणारा माणूस आपल्याच रानातल्या झाडाच्या नावात जाऊन बसलेला. मला त्याचा हेवा वाटला.

मार्चमध्ये पुन्हा गेले. कुंभ्याला पान नव्हतं, पण बुंध्याशी जमीन झाकलेली. कुंभा रात्री फुलतो आणि उजाडेपर्यंत गळून जातो. पांढरट-गुलाबी केसरांचे गोंडे मातीवर सांडलेले. वास मात्र असा, की कवींनी त्याला का टाळलं ते लगेच उमगावं. हीच वाळकी फुलं काष्ठौषधीवाल्याकडे वाकुंभा म्हणून मिळतात, बाळंतिणीच्या काढ्यासाठी. आणि सालीच्या वाखाचा पूर्वी तोड्याच्या बंदुकीला तोडा करत. धुमसत राहायचं, भडकायचं नाही, हा त्या वाखाचा गुण.

मामांना मी कॅरीची गोष्ट सांगितली. व्याकरण, कोश, रॉक्सबर्ग, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक गोंडा उचलून झटकला, त्यातल्या मुंग्या खाली पाडल्या आणि विचारलं,

"त्याला मोह न् कुंभा वेगळा कळायचा का, ताई?"