खांद्याचा हिशेब

उद्या सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. अॅक्युपंक्चर, आयुष्यात पहिल्यांदा. मुलीनं फोनवर बजावलं, "बाबा, उपाशी जाऊ नका, चक्कर येईल. पोट तुडुंबही नको. बाह्या कोपराच्या वर सरकतील असा सैल सदरा घाला. आणि सकाळी जीभ घासू नका."

शेवटच्या सूचनेवर मी अडखळलो. तांब्याची पट्टी जिभेवरून फिरवल्याशिवाय मी कधी चहाला तोंड लावलेलं नाही. पण उपचार करणाऱ्यांना जिभेचा रंग आणि तिच्यावरचा थर बघायचा असतो म्हणे. मी घासूनपुसून गेलो तर ते वाचणार काय?

सुयांची धास्ती होतीच. ती थोडी माहितीनं कमी झाली. ही सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते. भरीव, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, बंद पाकिटातून काढायची आणि एकदा वापरून टाकायची. महाराष्ट्रात या उपचारासाठी 2015 चा कायदा आहे, म्हणून आधी नोंदणी आहे का ते विचारून घेतलं. सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू पुढे ही विद्या तिथे शिकून कलकत्त्याला घेऊन आले, हे वाचून तर सुई थोडी घरचीच वाटू लागली.

खरी पंचाईत केली ती व्हॉट्सॲपवर आलेल्या फॉर्मनं. दुखणं कधीपासून? कोणत्या वेळी वाढतं? शेकून बरं वाटतं की गारव्यानं? झोप कशी? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

गोळीचं उत्तर सोपं होतं. बाकी सगळं कोरं.

बत्तीस वर्षं मी भिवंडीत लूमच्या कारखान्यात हिशेब लिहिले. कुठल्या मागावर किती मीटर कापड उतरलं, बीम कधी संपला, कोणाची किती मजुरी झाली, सगळं तारीखवार. त्या खडखडाटातही तार तुटली की कारागीर माग थांबवायचा, वाकून टोक शोधायचा, चिमटीत धरून गाठ मारायचा आणि मगच पुढे. माझ्या खांद्याची तार केव्हा तुटली? मी माग थांबवलाच नव्हता.

भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "लिहा. दिवाळीच्या आधी माळ्यावरचा डबा काढताना ओरडला होतात, तेव्हापासून. पहाटे वाढतं. पाऊस लागला की उजव्या कुशीवर झोपत नाही तुम्ही. शेकलं की बरं वाटतं."

मी मुकाट्यानं लिहून घेतलं. सगळे रकाने भरले.

मग सहज विचारलं, "तुझे गुडघे दुखतात ना? कधीपासून गं?"

"बघा आठवतंय का," ती म्हणाली आणि मेथीची पुढची जुडी सोडली.

मला आठवेना. तारीख सोडाच, डावा की उजवा, तेही.