पाळकसाहेबांचा निरोप

रविवार, रात्र.

आज पाळकसाहेबांची गुडीहत्नूरमधली शेवटची उपासना झाली. दारात उभं राहून त्यांनी एकेकाचा हात हातात घेतला. मराठी माणसाला ‘सलाम’, तेलुगू माणसाला ‘वंदनालू’. आईचा हात मात्र बराच वेळ सोडला नाही.

बाबा गेले ती रात्र आठवली. कापूस वेचणीचे दिवस होते. साहेब अंगणात खाटेवर पहाटेपर्यंत बसून होते. उपदेशाचा एक शब्द नाही. आईनं चहा दिला की प्यायचे, बस्स. असा सोबती पुन्हा कुठला?

आजच्या उपासनेच्या शेवटी त्यांनी नारायण वामन टिळकांचं भजन लावलं होतं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं अभंगाचा गोडवा मराठी मंडळ्यांत आणला. 1919 साली तो गेला, पण आज आमचे गळे त्याच्याच शब्दांनी दाटून आले.

हमरस्त्यावर बस आली. चढताना त्यांनी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची आपली जुनी प्रत माझ्या हातात ठेवली. घरी येऊन उघडली. समासात मराठी ओळी, तेलुगू अक्षरांत, पेन्सिलीनं लिहिलेल्या. आमच्यासाठी ते आमची भाषा अशी शिकत होते.