दोन हातांच्या बायका

मार्चचा पहिला आठवडा आला की आमच्या मनीषनगरात चौकाचौकांतल्या फलकांवर एक दशभुजा अवतरते. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात लाटणे, तिसऱ्यात तान्हे मूल, चौथ्यात स्टेथोस्कोप. रंग भडक, रेषा जाड, चेहऱ्यावर कधीही न मावळणारे हसू. खाली एखाद्या सराफाचे किंवा इच्छुक उमेदवाराचे नाव. हे चित्र पाहताना मला समकालीन जपानी पॉप चित्रकला आठवते. ताकाशी मुराकामी यांनी २००० साली ‘सुपरफ्लॅट’ ही कल्पना मांडली. जुने उकियो-ए छापे आणि आजचे ॲनिमे यांना जोडणारा सपाटपणा त्यांनी दाखवला आणि ग्राहकसंस्कृतीच्या सपाटपणाशी त्याचे नाते लावले. तिथे सपाटपणा जाणून निवडलेला आहे. आमच्या फलकावर तो नकळत येतो आणि बाईलाच सपाट करून जातो.

तास घेणारी, उत्तरपत्रिका तपासणारी, रात्री कणीक मळणारी मी हिशेबाने त्या फलकाचीच नायिका. त्या दिवशी गुलाबाचे फूल मिळते आणि हमखास विचारले जाते, “मॅडम, तुम्ही हे सगळं कसं जमवता?” प्रश्न कौतुकाचा खरा, पण ‘असेच जमवत राहा’ ही आज्ञाही त्यात असते. बाईला दहा हात काढून दिले की अकरावे काम सोपवताना संकोच उरत नाही.

म्हणून मी बी. प्रभा यांच्या चित्रांकडे वळते. १९३३ साली नागपूर जिल्ह्यातल्या बेला गावी जन्मलेल्या प्रभाताई आधी नागपुरात आणि पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. विद्यार्थिदशेतच भरवलेल्या प्रदर्शनातली त्यांची तीन चित्रे होमी भाभांनी घेतली होती. १९५६ साली शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि २००१ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या बायका कोळणी, मजूर, खेड्यातल्या माता. भूमिका इथेही अनेक आहेत; पण प्रत्येकीला हात दोनच. मान लांब, अंगकाठी उंच आणि शिडशिडीत, पापण्या बहुधा झुकलेल्या, आणि सबंध चित्रावर एकाच रंगाचा अंमल. पुष्कळदा हे हात काही करतच नाहीत. टोपले शेजारी टेकवलेले असते आणि बाई नुसती बसलेली असते.

माझी आई दुपारची भांडी झाल्यावर तासभर अशीच मागच्या दाराशी बसे. हातात निवडायला तांदूळ नसत, विणकाम नसे. आम्ही काही विचारले तर ऐकू न आल्यासारखे करी. त्या तासात ती कुणाची आई नव्हती, सून नव्हती. ती गेल्यावर नातलगांनी लिहिलेल्या श्रद्धांजलीत आदर्श सून, प्रेमळ आई, सुगरण, सगळे काही आले होते. तो तास कुठेच नव्हता. तो लिहावा असे मलाही तेव्हा सुचले नाही, कारण त्याला नाव काय द्यायचे?

बी. प्रभांवर आक्षेप घेता येतो, आणि तो घ्यावा. त्यांच्या कोळणीच्या अंगाला मासळीचा वास येत नाही. दारिद्र्य फार डौलदार होते. एअर इंडियाने त्यांची चित्रे संग्रही ठेवली यात नवल नाही, परदेशी प्रवाशाच्या नजरेला अशी शालीन भारतीय बाई रुचणारच. तरीही तो डौल तिला कुणाच्या उपयोगासाठी मिळालेला नाही. फलकावरची बाई आपल्याकडे पाहून हसते. ही आपल्याकडे पाहतसुद्धा नाही. आमचे एक सहकारी तिला ‘उदास’ म्हणतात. मला वाटते, काम न करणारी बाई दिसली की दुःखाशिवाय दुसरे कारण आपल्याला सुचतच नाही.

एम.ए.च्या वर्गात ‘स्त्रीप्रतिमा’ शिकवताना मी ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवते. मुले फलकावरच्या दशभुजेबद्दल भरभरून बोलतात; देवीची प्रतिमा, मध्यमवर्ग, बाजार हे सारे त्यांना पाठ असते. प्रभांच्या चित्रापाशी वर्ग गप्प होतो. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र विचारले, “मॅडम, हिचं टोपलं उचलू कोण लागणार?” भरलेले टोपले डोक्यावर घ्यायला दुसऱ्या माणसाचा हात लागतो, हे तिला पुस्तकातून कळलेले नव्हते. ती उमरेडकडची होती.